गुडघ्यातली शिवण

साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण



मागच्या बैठकीत तुमच्यापैकी काहीजणांनी एक प्रश्न विचारला होता. "गुडघ्यात टाके घातले. डॉक्टर म्हणाले, काम चांगले झाले. मग एकजण सहा महिन्यांत टुणटुणीत हिंडतो आणि दुसरा वर्षभर लंगडतो, हे कसे?" प्रश्न चांगला आहे. आज आम्ही त्यावरच बोलणार आहोत.

आधी गुडघा आतून कसा असतो ते पाहू. वरून मांडीचे हाड येते. खालून नडगीचे हाड येते. पुढे वाटी असते. ती हाताला लागते. मांडीच्या हाडाचे टोक गोल असते आणि नडगीच्या हाडाचा माथा सपाट असतो. गोल वस्तू सपाट जागेवर ठेवली की डुगडुगते. म्हणून तर आपण घागरीखाली चुंबळ ठेवतो. गुडघ्यातही अशी चुंबळ असते. एक नाही, दोन. एक आतल्या अंगाला, एक बाहेरच्या अंगाला. ती पुरी गोल नसते, चंद्रकोरीसारखी असते. काठाशी जाड आणि मध्याकडे पातळ. आपल्या कानाचा वरचा भाग दाबून पाहा. तशीच ती चिवट आणि लवचीक असते. अशा पदार्थाला कूर्चा म्हणतात. आम्ही मात्र तिला गादीच म्हणू.

ही गादी काय करते? भार वाटून घेते. पाय सरळ असताना गुडघ्यावर जो भार येतो, त्यातला निम्मा भार या गाद्या पेलतात. गुडघा काटकोनात वाकला की शंभरातला पंच्याऐंशी भाग त्यांच्यावर येतो. आणि आपण उकिडवे बसलो की गादी मागे सरकते आणि तिची मागची कड दोन हाडांमध्ये दाबली जाते. हे नीट ध्यानात ठेवा. पुढे याच गोष्टीवर बरेच बोलायचे आहे.

गादी फाटते कशी? कबड्डीत पाय जमिनीत रोवलेला असतो आणि अंग गर्रकन वळते. कुस्तीत तसेच होते. डोक्यावर भारा घेऊन उकिडव्याचे उठताना पाय मुरगळला तरी होते. आत कट्‌कन आवाज होतो. रात्रीतून किंवा दुसऱ्या दिवशी गुडघा सुजतो. कधी फाटलेली कड मधे अडकते आणि गुडघा सरळच होत नाही. दाराच्या फटीत खडा अडकावा तसे. अशा वेळी कुणाला पाय ओढू देऊ नका. तेल लावून चोळू देऊ नका. चोळून फाट सांधत नाही. सरळ हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

पूर्वी डॉक्टरांनाही या गादीची किंमत कळलेली नव्हती. फाटली की ते सगळी गादी काढून टाकत. माणूस थोड्याच दिवसांत चालू लागे. सगळे खूश होत. पण १९४८ साली इंग्लंडमधल्या फेअरबँक नावाच्या डॉक्टरांनी अशा गुडघ्यांचे क्ष-किरण फोटो तपासले. गादी काढलेल्या गुडघ्यात हाडाची ठेवण बदलू लागते, सांध्यातली जागा कमी होते, असे त्यांना दिसले. चुंबळ काढली, घागर दगडावर घासू लागली. तेव्हापासून हळूहळू डॉक्टर म्हणू लागले, गादी जेवढी वाचवता येईल तेवढी वाचवावी.

गादी शिवण्याची कल्पना त्याच्याही आधीची आहे. १८८३ साली स्कॉटलंडमध्ये एडिंबरो गावी टॉमस अॅनंडेल या डॉक्टरांनी एका खाणकामगाराच्या गुडघ्यातली सुटलेली गादी टाके घालून जागेवर बसवली. तो तुमच्या-आमच्यासारखा कष्टकरी होता. पण त्या काळी गुडघा उघडावा लागे. आजचे दुर्बिणीचे ऑपरेशन जपानी डॉक्टरांनी पुढे आणले. जपानी लोकही आपल्यासारखेच जमिनीवर बसणारे. गुडघा आखडला की त्यांचे बसणे-उठणेच बंद पडे. तोकियोच्या ताकागी यांनी १९१८ साली एका मृतदेहाच्या गुडघ्यात नळी घालून आत डोकावून पाहिले. वातानाबे यांनी १९६२ साली दुर्बिणीतून गादीचा फाटलेला तुकडा काढला. इकेउची यांनी १९६९ साली दुर्बिणीतूनच गादी शिवली. आज आपल्या शहरांत जे ऑपरेशन होते, ते या लोकांच्या खटपटीतून आले.

आता मुख्य गोष्ट. टाका घातला म्हणजे गादी जुळली का? नाही. टाका फक्त दोन कडा धरून ठेवतो. जुळवण्याचे काम रक्त करते. आणि गादीला रक्त सगळीकडे मिळत नाही.

पाटाच्या पाण्याचे पाहा. पाटाकाठचे वावर भिजते आणि टेलचे शिवार कोरडे राहते. गादीचे तसेच आहे. बाहेरच्या काठाचा जेमतेम पाव हिस्सा रक्तावर असतो. मधला पातळ भाग कोरडा. काठाजवळची फाट शिवली तर जुळण्याची आशा चांगली. मधल्या भागातली फाट शिवली तरी जुळेल याचा भरवसा कमी. म्हणून दोघांची ऑपरेशने एकाच दिवशी, एकाच डॉक्टरांनी केली, तरी दोघे सारखे बरे होत नाहीत. हा ना डॉक्टरांचा दोष, ना नशिबाचा. फाट कुठे पडली यावर ते ठरते.

फाट कशी पडली तेही पाहावे लागते. काठाच्या सरळीने लांब फाट असेल तर ती बरी. काठापासून मध्याकडे आडवी चिरली असेल तर अवघड, कारण दर पावलागणिक ती उघडू पाहते. कापड कसे आहे हेही महत्त्वाचे. नवे लुगडे खिळ्याला अडकून फाटले तर टाका धरतो. विरलेल्या लुगड्याला टाका घाला, शेजारी दुसरे भोक पडते. पंचविशीतल्या पोराची गादी नव्या लुगड्यासारखी असते. पन्नाशीतल्या माणसाची गादी बहुधा झिजून झिजून फाटलेली असते. तिथे टाका सहसा घालत नाहीत. अशा झिजलेल्या गादीचे तुकडे काढण्यानेही पुष्कळदा काही साधत नाही. फिनलंड देशात १४६ माणसांवर एक परीक्षा झाली. ती २०१३ साली छापून आली. निम्म्या लोकांचा फाटलेला भाग कापला आणि निम्म्यांना नुसतेच ऑपरेशन केल्यासारखे दाखवले. वर्षाने पाहिले तर दोघांचा गुडघा सारखाच. तेव्हा वय झालेल्या माणसाला "आधी व्यायाम करा" असे डॉक्टर म्हणाले तर ते टाळाटाळ करतात असे समजू नये.

आणखी एक. गुडघ्याच्या आत हाडांना बांधून ठेवणारे बंध असतात. डॉक्टर त्यांना लिगामेंट म्हणतात. पुष्कळदा गादीबरोबर हा बंधही तुटतो. तो तसाच तुटका ठेवला तर हाडे पुढेमागे सरकतात आणि शिवलेली गादी दर वेळी ताणली जाते. जू ढिले आणि गाडी भरलेली, अशातला तो प्रकार. बंध नवा घालताना मात्र डॉक्टर हाडाला भोक पाडतात. त्यातून मगजाचे रक्त सांध्यात येते आणि ते गादीला उपयोगी पडते. म्हणून दोन्ही कामे एकदम झाली तर गादी जास्त चांगली जुळते. ऑपरेशन मोठे दिसते म्हणून घाबरू नका. बरे व्हायला मात्र वेळ जास्त लागतो.

आता तंबाखूचे. तुम्हाला वाटेल, गुडघ्याचा आणि बिडीचा काय संबंध? संबंध आहे. तंबाखूतल्या विषाने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. आधीच टेलचे शिवार, त्यात वर कुणी पाट अडवला, मग काय उरले? बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांची शिवण जास्त उसवते असे डॉक्टरांना दिसले आहे. तोंडात धरलेल्या तंबाखूतले आणि मिश्रीतले विषही तेच. ऑपरेशनच्या आधीपासून गादी जुळेपर्यंत तरी तंबाखूला हात लावू नये. पुढेही न लावला तर कोण रागावणार आहे?

इथपर्यंत ज्या गोष्टी सांगितल्या, त्यांतल्या निम्म्या आपल्या हातात नाहीत. फाट कुठे पडावी हे कोण ठरवतो? पण दवाखान्यातून घरी आल्यावरचे चार-सहा महिने आपल्या हातात असतात. पुष्कळ शिवणी उसवतात त्या याच काळात.

पहिला घोटाळा डॉक्टरांच्या खोलीतच होतो. माणूस म्हणतो, "साहेब, फाटके कापूनच टाका ना. पेरणी तोंडावर आली." कापले तर माणूस महिना-दीड महिन्यात बराचसा कामाला लागतो, हे खरे. शिवले तर चार-सहा महिने जपावे लागते, हेही खरे. पण कापलेली गादी परत येत नाही. गुडघा वेळेआधी झिजतो. ज्याला आणखी तीस वर्षे नांगरामागे चालायचे आहे, त्याने एका पेरणीसाठी गादी द्यावी का? आमचे मत विचाराल तर देऊ नये. पण घरात दुसरा कर्ता माणूस नाही, डोक्यावर कर्ज आहे, अशा माणसाला ही गोष्ट सोपी नाही, हेही आम्ही जाणतो. त्याने आपली अडचण डॉक्टरांना मोकळेपणी सांगावी.

कित्येकदा शिवायचे की कापायचे हे दुर्बीण आत गेल्यावरच ठरते. म्हणून घरच्यांनी आधीपासून लांबच्या मुक्कामाची तयारी ठेवावी. सहा महिने कामाला हात कोण लावणार? भावकीत इरजिक होते का? हे ऑपरेशनच्या आधी बोलून घ्यावे. फाट ताजी असेल तर फार दिवस थांबूही नये. तिच्यावर चालत राहिले की कडा कुसकरतात आणि शिवण्याजोगे काही उरत नाही. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून काही मदत होईल का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारावे.

दुसरा घोटाळा असा, की बाहेरून काही दिसत नाही. पोट फाडले, हात मोडला, तर लोकांना दिसते. इथे दोन-तीन बारीक भोके. आठ-पंधरा दिवसांत ती भरतात. मग घरात कुजबुज सुरू होते. सासूबाई म्हणतात, "अगं, भोकं तर मुंगीच्या तोंडाएवढी. आम्ही बाळंतीण असताना बाराव्या दिवशी पाण्याला गेलो." सूनबाई काय बोलणार? ती ओठ आवळते आणि चुलीपाशी उकिडवी बसते. सासूबाईंना आम्ही दोष देत नाही. त्यांना कुणी आतले चित्र काढून दाखवलेलेच नाही. डॉक्टरांनी रोग्याला सांगितले आणि रोग्याने घरी येऊन चार शब्द सांगितले. म्हणून दवाखान्यातून घरी सोडतात त्या दिवशी घरातले थोर माणूस बरोबर न्यावे. डॉक्टरांचे बोलणे त्याच्या कानावर पडावे.

आणि तिसरा घोटाळा सगळ्यांत वाईट. दुखणे आधी थांबते, गादी मागाहून जुळते. तीन-चार आठवड्यांत सूज उतरते, ठणका जातो. माणसाला वाटते, झालो बरा. तो कुबड्या कोपऱ्यात टाकतो आणि धार काढायला म्हशीखाली बसतो. उठताना आत कट्‌कन होते. आत शिवण अजून कच्ची असते. ओल्या भिंतीवर आढे चढवावे तसे होते. गडी आळशी नसतो, उलट कामसू असतो. कामसू माणसाचीच शिवण आधी उसवते, असे आम्हाला वाटते.

तर मग करायचे काय? कुठला गुडघा किती वाकवायचा आणि किती भार टाकायचा, हे फाटीवर अवलंबून असते. सरळ लांब फाट असेल तर डॉक्टर पट्टा बांधून, पाय सरळ ठेवून, लवकर भार टाकू देतात. आडवी चिरलेली असेल किंवा गादी मुळाशी सुटली असेल, तर सहा आठवडेपर्यंत पाय टेकूही देत नाहीत. शेजाऱ्याला चालू दिले म्हणून आपण चालू नये. वाकवण्याचे बहुतेकांना असे सांगतात, की पहिले चार ते सहा आठवडे काटकोनापलीकडे वाकवायचा नाही. उकिडवे बसणे चार ते सहा महिने बंद. मांडी घालून बसणेही डॉक्टर सांगेपर्यंत बंद. म्हणजे असे, अक्षय्य तृतीयेच्या सुमारास टाके पडले तर मृग बरसेपर्यंत कुबड्या आणि दसऱ्यापर्यंत उकिडवे बसायचे नाही. खुरपणी, भाताची लावणी, कापणी यांतले काही नाही. कबड्डी सहा महिन्यांच्या आत नाही. बंधही नवा घातला असेल तर नऊ महिने धरा.

सगळ्यांत मोठी अडचण शौचाची. ती बोलायला लाज वाटते म्हणून कुणी बोलत नाही, आणि तिथेच दिवसातून एकदा गुडघा पुरा दुमडतो. ऑपरेशनच्या आधीच बसण्याची सोय करा. मधे भोक असलेली खुर्ची औषधाच्या मोठ्या दुकानात मिळते. गावातला सुतारही जुन्या खुर्चीची करून देईल. अंघोळीला उंच स्टूल. स्वयंपाक ओट्यावर किंवा टेबलावर, उभ्याने किंवा खुर्चीवर बसून. झोपायला खाट, जमीन नव्हे. मोटारसायकलला लाथ मारून सुरू करणे नाही.

पण याचा अर्थ पाय पोत्यासारखा पडू द्यायचा असा नाही. तीही चूकच आहे. काही घरांत माया एवढी, की माणसाला हलूच देत नाहीत. गुडघ्याखाली मऊ उशी देतात. त्या उशीने गुडघा वाकडा राहून आखडतो. उशी द्यायची तर टाचेखाली द्या. गुडघा सरळ झालाच पाहिजे. मांडीचा स्नायू दोन आठवड्यांत सुकतो आणि तो भरून यायला महिने लागतात. म्हणून दुसऱ्या दिवसापासून पाऊल वरखाली हलवायचे. गुडघ्याखाली टॉवेलाची घडी ठेवून ती खाली दाबायची, पाच मोजायचे आणि सोडायचे. व्यायाम झाला की घडी काढून टाकायची. डॉक्टरांनी सांगितले की पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. दहा-दहा वेळा, दिवसातून तीन-चार वेळा. पुढचे व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवतात. महिन्यातून दोन खेपा तरी त्यांच्याकडे घाला. एस.टी.चे भाडे वाया जात नाही. सूज असेल तेव्हा बर्फ फडक्यात बांधून पंधरा-वीस मिनिटे ठेवावा. गरम शेक नको, चोळणे नको. कुबड्या घेऊन पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

पोटरी एकाच बाजूची सुजली, दुखू लागली, दाबली की कळ आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आत रक्ताची गाठ झालेली असू शकते. त्यात धाप लागली किंवा छातीत दुखले, तर एक मिनिट थांबू नका. १०८ नंबरला फोन करा. ताप आला, भोकातून पू आला, गुडघा लाल आणि गरम झाला, तरी तसेच.

इतके सगळे केले तरी शिवण जुळतेच असे नाही. पाच वर्षांपुढचा हिशेब पाहिला तर शंभर शिवणींतल्या वीस-पंचवीस फसतात. त्यांतल्या काहींना पुन्हा दुर्बीण घालून तेवढा भाग काढावा लागतो. पण शंभरातल्या पाऊणशे लोकांची गादी जागेवर राहते. म्हणून कुणाची शिवण उसवली तर "यानेच नीट जपले नाही" असे लगेच म्हणू नका. कदाचित फाट कोरड्या भागात असेल.

शेवटी कागदाची गोष्ट. दवाखान्यातून सोडताना जो कागद देतात, तो बहुधा इंग्रजीत असतो. डॉक्टरांना किंवा नर्सबाईंना सांगा, त्याच्या पाठीवर पाच ओळी मराठीत लिहून द्या. कुठल्या पायाची, कुठल्या अंगाची गादी. शिवली की कापली. भार कधीपासून टाकायचा. किती वाकवायचा आणि कोणत्या तारखेपर्यंत. परत कधी यायचे. त्यांना वेळ नसेल तर ते सांगतील तसे तुम्ही स्वतः लिहा आणि त्यांना वाचून दाखवा. तो कागद चुलीच्या वर, सगळ्यांना दिसेल असा भिंतीला लावा.